ओट्यावर बसलेला म्हातारा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, हरसूलच्या गाडीवर. त्यांचा आवाज आधी स्टँडवर पोचतो आणि गाडी मागून येते, असं लोक म्हणत. घरीही तोच आवाज. आमटीत मीठ कमी पडलं की अख्ख्या कॉलनीला कळायचं.

सन पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांनी स्वतः प्रयत्न केला तर थोडंफार बोलणं परत येईल." पण वडील प्रयत्नच करेनात. सुरुवातीला तोंडातून काहीतरी वेडंवाकडं निघालं, तेव्हा भेटायला आलेल्यांनी "पाणी? पाणी पाहिजे का?" असा गलका केला. त्या मानी माणसाने तोंड मिटलं ते मिटलंच. दिवसभर भिंतीकडे वळून पडून राहायचे. हे असेच संपणार, अशी मला धास्ती बसली होती.

त्यांचं मन रमावं म्हणून आईने हट्टाने टीव्ही घेतला. रमली ती कॉलनी. गाणी लागली की आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे, आणि वडील कूस बदलत.

एका रविवारी दुपारी दक्षिणेकडच्या कुठल्याशा भाषेतला सिनेमा लागला. एक म्हातारा विहिरीवर जातो, पाणी काढतो, घागर घरी आणतो, चूल पेटवतो. बस, एवढंच. अर्ध्या तासात बायका कंटाळल्या. "यापेक्षा माझे पापड वाळताना बघितलेले बरे," असं म्हणत एकजण उठली, तिच्यामागे शेजारच्या काकू सोडून बाकीच्या. मीही उठणार होते, पण वडिलांनी अजून कूस बदलली नव्हती, म्हणून थांबले.

मग तो म्हातारा ओट्यावर बसला आणि बसूनच राहिला. ना संगीत, ना शब्द. झाडाचं पानसुद्धा हलेना. "चित्र अडकलं!" म्हणत शेजारचे काका गच्चीवर धावले. टीव्हीला काहीही झालं तरी आमच्याकडे औषध एकच, अँटेना फिरवायची.

वरून आरोळी आली, "आलं का?"

काकू दिंडोरीकडच्या. खिडकीतून ओरडल्या, "नाय ओ, तसाच बसलाय अजून!"

मी पडद्याकडे बघत होते. आणि मला दिसलं, म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा हलतोय. अगदी किंचित. मागच्या भिंतीवरचं ऊनही सरकत होतं. चित्र अडकलं नव्हतंच. कुणीतरी त्या माणसासमोर कॅमेरा ठेवून नुसतं बघत बसलं होतं, त्याने काही करून दाखवावं असा आग्रह न धरता. एखाद्या माणसाकडे असं बघता येतं, हे मला माहीतच नव्हतं. झटका आल्यापासून वडिलांकडे आमच्यापैकी कुणी असं बघितलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्याकडून एखादा शब्द वदवून घ्यायला टपलेले.

तेवढ्यात काकांनी वर जोर लावला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. म्हातारा दिसेनासा झाला.

"थां... थांब!"

आवाज फाटका होता, जीभ जड होती, पण गच्चीपर्यंत पोचला. वडील कोपरावर रेलून अर्धे उठले होते आणि धडका हात छताकडे उगारला होता. काकांनी घाबरून अँटेना होती तशी केली. मुंग्या गेल्या. म्हातारा ओट्यावरच बसलेला होता.

आईच्या हातातलं सूप खाली पडलं, तांदूळ घरभर झाले. "अहो, बोललात! बोललात हो!" म्हणत ती मोठमोठ्याने रडायला लागली.

वडिलांनी पडद्यावरची नजर काढली नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्या कष्टाने दुसरा शब्द काढला.

"गप्प."

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आम्ही सगळे तिथेच, सांडलेल्या तांदळात बसून, म्हातारा उठायची वाट बघत राहिलो.