शेवट नसलेल्या गोष्टींचा लॉट

माझ्या मुलीला वाचनाची गोडी मी लावली. शाळेला हे मान्य नव्हतं.

तिसरीतली आमची मुक्ता वाचायला बसली की एकेका शब्दावर एवढी रेंगाळायची, की ऐकणाऱ्याला मध्ये चहा टाकून येता यायचा. बाईंनी मला बोलावून सांगितलं, रोज पंधरा मिनिटं गोष्टीचं पुस्तक घेऊन तिच्यासोबत बसा. दिवाळीपर्यंत सुधारली नाही, तर वाचनाच्या तासाला तिला दुसरीच्या वर्गात बसवावं लागेल. मुक्ताने घर डोक्यावर घेतलं. (दुसरीत तिची चुलत बहीण होती!) मी पंधरा मिनिटांची दहा करायला बघितली, पण बाई हलल्या नाहीत. माझं डोकं तापलं ते तिथूनच.

मी अंबरनाथ पश्चिमेला बायकांचे गाऊन विकते. फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. छापील किमतीत वस्तू घेणं मला अपमान वाटतो. मी उल्हासनगरहून लॉट उचलते, म्हणजे बांधलेला गठ्ठा. उघडून बघायचं नाही, परत करायचं नाही. तिथल्या माझ्या नेहमीच्या सेठकडे गोष्टींच्या पुस्तकांचाही लॉट आला होता. अर्धा तास घासाघीस केली, दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरले. शेवटी तोच थकला.

"ले जाओ भाभी. पण सेकंड माल आहे, नंतर बोलायचं नाही."

मी म्हटलं, सेकंडमध्येच माझं आयुष्य गेलं. शिलाई उसवली असेल, आणखी काय!

शिलाई मजबूत होती. फक्त एकूण एक पुस्तकाचं शेवटचं पान नव्हतं.

मुक्ता चार संध्याकाळी बोट ठेवून ठेवून वाचत वाघापर्यंत पोचली. वाघाने शेळीसमोर जबडा उघडला, मुक्ताने पान उलटलं, आणि आलं थेट कव्हर.

"आई, पुढे?"

लॉट परत नेला असता तर अख्ख्या बाजारात माझं हसं झालं असतं. मी म्हटलं, ही गोष्ट मला पाठ आहे. शेळी वाघाला म्हणाली, मला खाल्लंस तर एकदाच जेवशील, त्यापेक्षा रोज दूध देते. वाघ दोन लिटर म्हणाला, शेवटी एकावर सौदा ठरला.

मुक्ताने कव्हर पुन्हा उलटून बघितलं. "वाघ दूध पितो?"

"परवडलं तर पितो."

पुढच्या गोष्टीत राक्षसाने राजकन्या हप्त्याने सोडली. त्यानंतरच्या गोष्टीत चेटकिणीने राजपुत्राला पुन्हा माणूस केलं, पण पाय पुढच्या महिन्यात द्यायच्या बोलीवर. आनंदनगरच्या कारखान्यातून ड्युटी करून आलेले आमचे हे म्हणाले, "अगं, एखाद्याला तरी मरू दे." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मुक्ताला मात्र संशय आला. शाळेच्या कपाटात तिला शेळीचं तेच पुस्तक धड सापडलं. घरी आली ती फणफणत. (रागाच्या बाबतीत माझ्यावर गेलीय.)

"शेळी पळून जाते. दूधबीध काही नाही."

मग तिला नादच लागला. घरी पुस्तक भराभर संपवायचं, माझा शेवट ऐकायचा, दुसऱ्या दिवशी खरा शोधून मला खोटं पाडायचं. चटकन न सापडणाऱ्या गोष्टी शोधता शोधता तिने कपाटच वाचून काढलं. दिवाळीच्या आत ती एवढ्या वेगाने वाचू लागली, की मीच म्हणायचे, जरा दमाने.

पालकसभेत बाईंनी विचारलं, हे कसं जमलं? मी पदर सावरून उभी राहिले. तेवढ्यात मुक्ता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आई शेवट खोटे सांगते, म्हणून मला कपाटातली पुस्तकं स्वतः वाचावी लागतात."

टाळ्या पडल्या, त्या पुस्तकांच्या कपाटाला!

सभा संपल्यावर मी बाईंना गाठलं आणि ठणकावलं, की श्रेय माझं आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "मान्य, ताई. वर्गात आणखी अकरा मुलं अडखळतात. दर शनिवारी या, आणि शेवट तुम्हीच सांगा."

मी अर्धा तास घासाघीस केली. आता दर शनिवारी बिनपगारी जाते, रिक्षाही माझ्याच पैशाने. मी शेवट सांगितला, की अकराच्या अकरा जण खरा शेवट बघायला कपाटाकडे धावतात, आणि रिकाम्या वर्गात मी एकटीच स्वतःचं कौतुक करत बसते.