शेजारच्या सीटचा ब्रेक

माझी मावशी एकतीस वर्षं गाडीत बसली, पण गाडी तिनं क्वचितच चालवली. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगला घट्ट धरून घाम गाळायचा, मावशी शेजारच्या सीटवर, आणि तिच्या पायाखाली गॅरेजवाल्याकडून मुद्दाम बसवून घेतलेला जादा ब्रेक. शिकणाऱ्याची भंबेरी उडायच्या आत तो ब्रेक लागलेला असायचा. सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. मीही तिच्याकडेच शिकले आणि परीक्षेत दोनदा नापास झाले. तिला त्याचं अजून वाईट वाटतं. मला नाही, कारण दोन्ही वेळा चूक परीक्षकाची होती.

तिचा तो पाय घरीही स्वस्थ बसायचा नाही. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की सोफ्यासमोरची चटई गोळा व्हायची. जेवताना काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एखादी गोष्ट घाईघाईनं सांगायला घेतली, की टेबलाखाली त्यांच्या नडगीवर लाथ बसायची. काका घड्याळं दुरुस्त करतात, आवाज न करता कळवळायची त्यांना सवय आहे.

निवृत्त झाली त्या दिवशी मावशीनं जाहीर केलं, "मी गाडी घेणार. वेगानं पळणारी. आणि शेजारी कुणी नको, मागे कुणी नको. एकदा तरी मला अशी गाडी चालवायचीय, जिच्यात ब्रेक फक्त मी लावीन किंवा लावणार नाही."

तिला एवढंच हवं होतं. आम्ही हसलो. तिला हौसमौज करताना कुणी पाहिलंच नव्हतं, मग दुसरं काय करणार?

आधी आम्ही शोरूममध्ये गेलो. दोन दारांची लाल स्पोर्ट्स कूपे, नवी कोरी. सेल्समन तिच्याभोवती असा फिरत होता की जणू मुलगी दाखवतोय. मावशीनं चाचणीला गाडी बाहेर काढली आणि दहाच मिनिटांत परत आणली. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या जरा बाहेर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. पुढची गाडी जवळ आली की टुकटुक. रस्त्यावर एक कागद उडाला तर गाडीनं आपणहून करकचून ब्रेक लावला.

"सुरक्षा आहे मॅडम," सेल्समन म्हणाला. "गाडी तुमची काळजी घेते."

"अहो, ही तर मीच आहे," मावशी म्हणाली. "माझ्याच शेजारी मी कशाला बसू?"

तरी काकांना तीच पसंत होती. फॉर्म घरी आला, रंग ठरला, फक्त सही राहिली. तेवढ्यात मावशीनं वर्तमानपत्रात एका जुन्या गाडीची जाहिरात पाहिली. बारा वर्षांची, एकाच मालकाची, मोठं इंजिन, हातानं टाकायचे गिअर, आणि काळजी घेणारं आत काहीही नाही.

मालक दाताचे डॉक्टर होते. दवाखान्याच्या मागे त्यांचं घर आणि घराला लागून गॅरेज. गाडी करड्या रंगाची, चार दारांची, दिसायला अगदी कारकून. पण इंजिन सुरू केलं तेव्हा माझ्या बरगड्या हलल्या. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "गाडीला कसलाही त्रास नाही." अजिबात दुखणार नाही, असं म्हणतात ना, त्याच आवाजात.

आधी तेच चालवून दाखवणार होते. मावशी त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. शेजारची सीट इतकी मागे सरकवलेली होती की माझे गुडघे तिच्या पाठीला टेकले. मावशीनं ती पुढे घ्यायला हात घातला आणि मग तशीच ठेवली.

डॉक्टर छान चालवत होते, पण जोरात. पहिल्या वळणावर मावशीचा पाय सवयीनं खाली गेला. डॉक्टरांच्या गॅरेजपाशी परत येईपर्यंत तिनं तो हलवला नाही. मावशीचा पाय स्वस्थ बसतो तेव्हा मला नेहमी धडकी भरते.

गाडीतून उतरल्यावर तिनं विचारलं, "या सीटवर कोण बसायचं हो?"

"आमची ही. दीड वर्ष झालं जाऊन. आजारी होती." डॉक्टरांनी टपावरची नसलेली धूळ पुसली. "तिला माझ्याबरोबर फिरायला फार आवडायचं."

मावशीनं मला बाजूला घेतलं. "पायाखालचं बघ." मी वाकून बघितलं. गाडीतला सगळा गालिचा नव्यासारखा होता. फक्त त्या सीटसमोर, अगदी पुढे, एक खळगा पडलेला. बशीएवढा. लोकर झिजलेली, खालचा फोम संपलेला, आणि मध्ये उघडा पत्रा, घासून घासून चकचकीत झालेला. ब्रेक जिथं असायला हवा बरोबर तिथं. तिथं ब्रेक कधीच नव्हता.

"माझा पाय त्यात बसला," मावशी म्हणाली. "थेट. बूट मापून घेतल्यासारखा."

शहाण्या माणसानं तिथूनच काढता पाय घेतला असता. मावशीनं दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडून तासाभरासाठी किल्ली मागून घेतली आणि एकटीच कालव्याच्या रस्त्यावर गेली. हा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे सपाट रान, दुपारी चिटपाखरू नसतं. पुढचं सगळं तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. सांगताना तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो गार होता. मावशी खोटं बोलत नाही, तिला तेवढी कल्पनाशक्तीच नाही.

रस्ता मोकळा मिळाला तशी तिनं गाडी सोडली. शंभर झाले, एकशे दहा झाले. आणि गाडीला ब्रेक लागला.

तिचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. तिनं खाली वाकून बघितलं, तो तिथंच होता. तरी ब्रेक लागतच गेला आणि गाडी चाळीसवर आली. मग सुटला. तिनं पुन्हा वेग घेतला, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिनं ओरडून शिवी दिली, तिच्या तोंडी मी कधी न ऐकलेली, तेव्हा तर गाडी पार थांबली.

"बिघाड असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

"अगं, बिघाड झटके देतो. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पाय ओळखत आलेय. नवशिक्याचा पाय दचकतो, माझा टोचतो. हा तसा नव्हता. हा पाय घाबरलेला होता. सगळा जोर चवड्यावर, गुडघा ताठ, आणि सोडायचं भानच नाही. आणि समोर तो दिवा लागलेला."

"कुठला दिवा?"

"शेजारच्यानं पट्टा लावला नाही, तो. सीटवर कुणी बसलं असेल तरच लागतो."

भर उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या सीटशेजारी ती बसून होती. शेवटी तिनं वाकून त्या खळग्यावर हात ठेवला. पत्रा कोमट होता. आताच कुणीतरी पाय उचलून घेतल्यासारखा. मग तिनं काय करावं? तिनं हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला आणि लावला. दिवा विझला. परत येताना तिनं गाडी चाळीसच्या वर नेली नाही, आणि ब्रेक एकदाही लागला नाही.

डॉक्टर फाटकातच उभे होते. तिचा चेहरा बघून ते काय समजायचं ते समजले. "तीन गॅरेज झाली," ते म्हणाले. "सगळे म्हणतात दोष नाही. ती गेल्यापासूनच सुरू झालंय हे, शेजारची सीट रिकामी असली की. मला वाटलं, माझाच पाय आता चुकतोय."

मावशीनं त्यांना दार उघडून तो खळगा दाखवला. त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. बारा वर्षांत ते त्या बाजूला एकदाही बसले नव्हते.

"पण ती कधी बोलली नाही," ते पुटपुटले. "एका शब्दानं सांगितलं नाही."

"सांगत होती की," मावशी म्हणाली. "रोज सांगत होती. पायानं."

डॉक्टर तिथंच पायरीवर बसले. हे ऐकून त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. थोडं वाटलं.

आता गोष्ट सरळ होती. काकांनी कूपेचा फॉर्म आणि पेन टेबलावर आणून ठेवलं. "सही कर. ती दुसरी गाडी नको. गाडीबरोबर माणूस फुकट, असला सौदा कुणी ऐकलाय का?" काका विनोद करतात तेव्हा ते फार घाबरलेले असतात. मावशीही म्हणाली, करते. मीही म्हटलं, कर.

पेन तिनं उचललं आणि पुन्हा फॉर्मवर आडवं ठेवलं.

"मी एकतीस वर्षं त्या सीटवर बसले," ती म्हणाली. "समोरून ट्रक आले, पोरांनी गाड्या भिंतीकडे नेल्या, आणि मला एकदाही भीती वाटली नाही. सगळे म्हणायचे, काय धीराची बाई आहे. कसला धीर? माझ्या पायाखाली ब्रेक होता. तिच्या पायाखाली पत्रा होता. तोच पाय, तीच सीट." तिचे डोळे भरून आले. "मला लाज वाटतेय गं. आणि आता मी ती गाडी सोडली तर दुसरा कुणीतरी घेईल, इंजिन मोठं आहे म्हणून. तो पळवेल आणि ही पुन्हा दाबत बसेल."

"अगं, पण तुला शेजारी कुणी नको होतं ना?" मी म्हटलं. "एकदाच तर काहीतरी मागितलंस."

"हो," ती म्हणाली. "हवंच होतं ते मला." आणि तिनं फॉर्म घडी घालून काकांना परत दिला. काकांनी हात टेकले.

डॉक्टरांची गाडी घेतल्यावर ती ज्या गॅरेजवाल्याकडे गेली, त्यानंच ड्रायव्हिंग स्कूलच्या सगळ्या गाड्यांना जादा ब्रेक बसवले होते. त्याला हसू आवरेना. "बाई, या इंजिनावर शिकवणार कुणाला?"

"शिकायचं नाहीये कुणाला. नुसतं बसायचंय."

त्यानं दोन दिवसांत काम केलं. शेजारच्या सीटसमोर, त्या खळग्याच्या बरोबर वर, दुसरं पेडल. खरं, ब्रेकला जोडलेलं, नव्या काळ्या रबराचं. मावशीनं ते हातानं दाबून बघितलं, दोनदा. मग सीटकडे बघून, गॅरेजवाल्यादेखत, सगळ्या शिकणाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगायची तसं सांगितलं, "हे तुमचं. वाटलं की दाबायचं. विचारायचं नाही." गॅरेजवाला एकदम दुसऱ्या कामाला लागला.

पुढच्या रविवारी दुपारी मावशीनं मला बोलावलं. काका येणार नव्हते, त्यांचं घड्याळ उघडून पडलं होतं म्हणे. मी सवयीनं पुढचं दार उघडलं, तर मावशी म्हणाली, "तू मागे बस." शेजारचा पट्टा आधीच लावलेला होता. मी निमूट मागे बसले. ती सीट अजून तशीच मागे होती, पण या वेळी तिची पाठ माझ्या गुडघ्यांपासून चार बोटं दूर होती, पुढे झुकलेली. मावशी म्हणाली, मी हात लावलेला नाही.

शहर संपेपर्यंत ब्रेक सात वेळा लागला. मी मोजलं. सातही वेळा मावशीचा पाय दुसरीकडे होता आणि सातही वेळा ते काळं पेडल माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं आणि वर आलं. मी दाराचं हँडल घट्ट धरलं. मावशी मात्र प्रत्येक वेळी हळू आवाजात म्हणत होती, "बरोबर. चालेल. अजून दाबलं तरी चालेल."

कालव्याचा रस्ता आला. मावशीनं वेग वाढवायला सुरुवात केली. साठ झाले तेव्हा पेडल अर्धं खाली गेलं. मावशीनं लगेच वेग कमी केला, जराही वाद न घालता. थोड्या वेळानं पुन्हा वाढवला. ऐंशीला पेडल जरासं हललं. नव्वदला नुसतं थरथरलं. मग शंभर, एकशे वीस, रान दोन्हीकडून धावत सुटलं, इंजिनाचा आवाज माझ्या दातांत शिरला, आणि मी त्या काळ्या रबरावरून नजर काढली नाही. ते हललं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "दाबत नाहीये."

तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तेवढ्यात माझ्या गुडघ्यांना काहीतरी टेकलं. समोरच्या सीटची पाठ हळूहळू मागे येत होती, कुणीतरी अंग सैल सोडून रेलून बसावं तशी. तिचं वजन पडलं. मी गुडघे जवळ घेतले आणि तिला नीट टेकू दिलं.