विणकराच्या पोटऱ्या

आमच्या आंधळगावचा तो विणकर. मी जळायचो ते त्याच्या पोटऱ्यांवर. मी रोज पहाटे बैठका मारायचो, वर शेरभर दूध प्यायचो, तरी माझे पाय तुरीच्या काड्याच. हा मात्र दिवसभर खड्ड्यात पाय सोडून मागाच्या पावड्या दाबायचा, आणि बाजाराच्या दिवशी लुगड्यांचं गाठोडं बांधून सायकलनं तुमसरला जायचा. चहाच्या टपरीवर बसला तरी त्याचे गुडघे आळीपाळीनं हलत, आणि बोलणंही त्याच ठेक्यात चाले.

एकदा बायकोला डबलसीट घेऊन मीही बाजाराला निघालो. पुलाच्या चढावर समोरून वारा आला आणि माझी सायकल डुलायला लागली. मागून तो आला. एका हातानं स्वतःचं हँडल धरलं, दुसरा माझ्या पाठीला लावला.

"भाऊ, तुमी फक्त हँडल सांभाळा."

चढ संपेपर्यंत त्यानं आम्हा दोघांना ढकललं आणि शीळ घालत पुढे निघून गेला. त्याला साधी धापसुद्धा लागली नव्हती.

परतताना त्याच पुलाच्या दुसऱ्या बाजूच्या चढाशी आलो, तर बायको मागं वळून रस्त्याकडे पाहू लागली.

"काहून जी, ते विणकर भाऊ अजून बाजारातून निघाले नसतीन का?"