मानाची नळी

बहात्तर साली, युद्ध संपल्यावर, आमची पोस्टिंग नगरला झाली. मी नाईक पवार, मिरजगावचा, डॉग हँडलर. माझा कुत्रा रुस्तम, काळा लॅब्रेडॉर, जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढायचा. सुरुंग सापडला की भुंकायचा नाही, जागेवर बसायचा.

सकाळी पी.टी., मग ट्रेनिंग. उरलेला वेळ त्याला काहीतरी चघळायला लागायचं. ते मीच निवडायचो. तोंडात अख्खं मावेल असं काही द्यायचं नाही. अंगठ्याच्या नखानं दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, नाहीतर दात तुटतो. टायरचा तुकडा नको, त्यात तार असते. आणि शिजवलेलं हाड मुळीच नको. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुया होतात आणि आतडी फाडतात. मी त्याला जाड रबराची रिंग दिली होती आणि तीही रोज तपासायचो. लोक मला हसायचे. कुत्र्याला हाड नको म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

हसण्यात सुभेदार काळे सर्वांत पुढे. ते कर्जतचे, म्हणजे माझ्याच तालुक्यातले. पण रुस्तमवर त्यांचा फार जीव. युद्धात सीमेवर गस्त घालताना ते पुढचं पाऊल टाकणार, एवढ्यात रुस्तम त्यांच्यासमोर बसला होता.

"साहेब, हलू नका!" मी ओरडलो. त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर सुरुंग निघाला.

नगरला बडाखाना ठरला. त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. सकाळीच सुभेदार केनेलवर, कुत्र्यांच्या बराकीत आले.

"पवार, आज रुस्तमला मानाची नळी देनार हाय मी."

आमच्या भागात मटणाच्या पंगतीत नळी, म्हणजे मगजाचं शिजलेलं हाड, मान म्हणून पाहुण्याला वाढतात, जावयाला वाढतात.

"नको साहेब. मरंल तो."

"लई शानपना नको. हाड खाऊन कुत्रं मरतंय व्हय?"

"साहेब, हात जोडतो."

"बरं बाबा, न्हाई देत."

मी गार्ड ड्युटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टवर केनेलमधून फोन आला.

"पवार, केनेलवर ये. रुस्तम रक्त ओकतोय."

मी पळत गेलो. रुस्तम पाठ वाकवून उभा होता, पोटाला हात लावू देत नव्हता. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?" सुभेदार पुढे आले.

"नळी दिली साहेब. मानाची हुती."

माझं डोकं सणकलं. हुद्दा आडवा आला, नाहीतर तिथंच कानाखाली वाजवली असती. एवढ्या सुरुंगांतून वाचवून आणलेलं जनावर यांनी लाड करून मारलं! डॉक्टरांनी पोट उघडलं, पण आतडं फाटून विष पसरलं होतं. आता उपाय नाही म्हणत त्यांनी टाके घातले आणि रुस्तमला माझ्याकडे दिलं.

संध्याकाळी रुस्तमला केनेलमागे पुरलं. सगळे सावधानमध्ये उभे होते. सुभेदार हुंदके देत होते, आणि मला त्या रडण्याचीही चीड येत होती. पुढे त्यांनी मटण कायमचं सोडलं म्हणे. सोडलं तर सोडलं. मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही, त्यांच्या मयतीलाही गेलो नाही.

आजही कोणी कुत्र्यापुढे ताटातलं हाड टाकलं की मी शिव्या घालतो. म्हातारा चळला म्हणतात, म्हणू देत. त्यांनी रुस्तमला पाहिलं नव्हतं. शेवटच्या तासात तो माझ्या मांडीवर होता, मान उचलायचंही बळ नव्हतं. सुभेदार दारात आले, आणि माझ्या कुत्र्यानं त्यांना बघून शेपटी हलवली.