आकड्यांचा नाद

सत्यभामाबाईला नवऱ्याच्या आकड्यांची शिसारी आली होती. शिसारीच म्हणायची, दुसरा शब्द नाही! महाराष्ट्र राज्य झालं त्या सालापासून देऊळघाटच्या उत्तमरावाला हा नाद लागलेला. कुठल्याशा साप्ताहिकात कोडं आलं की झालं: दिलेल्या आकड्यांमध्ये अधिक-उणे, गुणिले-भागिले घाला अन् सांगितलेलं उत्तर काढा. जेवायला बसला की हा बाबा वरणात बोट बुडवून ताटाच्या काठावर आकडे मांडायचा, पुसायचा, बोट चाटायचा अन् पुन्हा मांडायचा. शी! वांग्यांना पाणी द्यायला धाडावं तर मातीत काडीनं रेघोट्या ओढत बसायचा. एका वाफ्यात तळं, दुसरा कोरडा ठणठणीत.

बरं, तेवढ्यावर भागावं? पोरगी कौशल्या लग्नाला आली. पाहुणे मुलगी पाहायला आले की हा उलटा पोरालाच विचारायचा, "चार वेळा चार लिहा. मधात कोणतं बी चिन्ह टाका, उत्तर दहा आलं पाह्यजे. ज्याले येईन त्याले पोरगी!" पोरं खाली माना घालायची, बाप चिडून उठायचे. दोन सोयरिकी अशा मोडल्या. गाव पोरीलाच नावं ठेवू लागलं, अन् सत्यभामाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिसरा आला धाडचा मोतीराम. त्यानं कोळसा उचलला, पहिले दोन्ही चार एकमेकांना चिकटवून लिहिले. "चव्वेचाळीस उणे चार, झाले चाळीस. त्याले चारानं भागा. दहा!"

"वा रे पठ्ठ्या!" उत्तमराव ओरडला. सत्यभामाबाईनं आतूनच देवाला हात जोडले. सुटलो एकदाचे!

कौशल्या पोहे घेऊन बाहेर गेली. तोवर उत्तमरावानं पुढचं कोडं घातलं होतं: पाच वेळा तीन, उत्तर एकतीस. सासरा-जावई दोघेही जमिनीवर पालथे! "अरे, पोरगी पाह्य ना बे," मोतीरामाच्या बापानं दोनदा डिवचलं. "थांबा ना बावा, आलंच," म्हणत मोतीरामानं पोह्यांची बशी कोपरानं बाजूला सारली. मान काही वर केली नाही.

कौशल्या आत आली. "माय, मले हा नाही पाह्यजे."

एरवी सत्यभामाबाईनं तिला झोडपलंच असतं. पण दारातून तिनं आकड्यांवर वाकलेली ती दोन डोकी पाहिली. पदर खोचून ती बाहेर आली.

"पाहुणे, चहा घ्या अन् निघा. पोरगी द्याची नाही."

"काऊन वो?" उत्तमराव चकित झाला. "उत्तर तं बरोबर आलं त्याचं!"

"आलं म्हणूनच! मी भोगलं ते लय झालं. पोरीले नाही भोगू देणार."