पट्टी हिरवी होईपर्यंत

"दाबू काय?"

बटण कुठलंही असो, बाई आधी विचारायच्या. तर्जनी माउसवर अधांतरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर पडद्यावर नाही, माझ्यावर. मी म्हणायचो, "दाबा, बाई." मग त्या डोळे मिटून दाबायच्या. दिवाळीत सुतळी बॉम्ब पेटवणारा माणूसही याहून निवांत असतो.

मुलुंडच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. एकदा बंद पडलेला प्रोजेक्टर मी प्लग काढून परत घालून चालू केला, आणि त्या दिवसापासून मी शाळेचा संगणकतज्ज्ञ झालो. पुढे सॉफ्टवेअर आलं ते माझ्याच गळ्यात पडलं, आणि सॉफ्टवेअरबरोबर बाई. त्या सातवी 'ब'च्या वर्गशिक्षिका, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर मालवणी. मला 'मास्तर' म्हणायच्या. चिडल्या की 'मास्तरा'.

दर शुक्रवारी शेवटचे दोन तास मुलं मैदानावर आणि आम्ही वर्गशिक्षक संगणकाच्या खोलीत. आठवड्याची हजेरी, झालेले धडे, पुढचं नियोजन, प्रत्येक मुलाला एक शेरा. सगळं भरलं की पडद्यावरची लाल पट्टी हिरवी होते. पट्टी हिरवी झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असा मुख्याध्यापिका मॅडमचा नियम. खिडक्यांना गज, एसीसाठी दार बंद, आणि बाहेर मुलांचा दंगा. शिक्षा नक्की कुणाला झालीय, असा प्रश्न पडावा.

शेरे यादीतूनच निवडायचे. 'प्रगती समाधानकारक', 'लक्ष विचलित होते', असे. बाई तिथे हमखास अडायच्या.

"ओंकार आपलो डबो दुसऱ्याक देता. ता खंय घालू?"

"तसं काही यादीत नाही, बाई."

"मग गेलो आमचो ओंकार 'समाधानकारक'मध्ये."

हजेरीचंही तेच. टिक मारायची सोय असूनही त्या रोज एकेकाचं नाव पुकारायच्या, तेही यादी न बघता. म्हणायच्या, "पोराक ताप असलो तर 'हजर' म्हणताना कळता रे. तुझ्या त्या टिकेक काय कळता?" टिक जशी काही माझ्या घरची.

पण त्यांची नजर शेरे भरताना घड्याळाकडे असायची, आणि त्याचं कारण भांडुपला होतं. तिथे घरी त्यांचे वडील. आयुष्य गिरणीत गेलेलं, आता स्मरण गेलेलं. दुपारभर शेजारीण त्यांच्यापाशी बसायची, पण शुक्रवारी तिला लवकर पोळ्यांच्या कामाला जावं लागे. घरात कुणी नसलं की बाबा उठून सदरा घालायचे आणि गिरणीत कामाला निघायचे. गिरणी पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय हे त्यांना कोण सांगणार. एकदा ते महामार्गाच्या मधोमध सापडले होते.

म्हणून बाई शुक्रवारची अर्धी रजा मागायच्या. रजाही सॉफ्टवेअरमध्येच. कारणं दिलेली: स्वतःचं आजारपण, विवाह, निधन. 'इतर' निवडलं तर पुरावा जोडा.

"मधला कायच नाय ह्यात," बाई म्हणाल्या. "लगीन नायतर मरण. बाबा घरात एकटे आसत, ह्याचो पुरावो काय जोडू? फोटो?"

एका शुक्रवारी पट्टी अशीच टोकाशी येऊन लाल राहिली. बाई पर्स खांद्याला लावून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. म्हटलं, "तुम्ही निघा. पासवर्ड द्या, उरलेलं मी भरतो. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते मला लगेच कळलं. 'सर्व हजर' आणि 'सर्व गैरहजर' ही बटणं शेजारी शेजारी होती. मी ऐटीत दाबलं, पट्टी हिरवी झाली, आणि सातवी 'ब'च्या यच्चयावत पालकांच्या फोनवर निरोप गेला: आपला पाल्य आज शाळेत आलेला नाही.

थोड्याच वेळात फाटकावर आया जमल्या. एकीचे हात पिठाचे. एक रिक्षावाले पालक तर मागच्या सीटवरच्या प्रवाशासकट आले, आणि तो प्रवासीही तावातावानं मुलाची चौकशी करत होता. मैदान इमारतीच्या मागे, फाटकावरून एकही पोर दिसेना, आणि वॉचमन फाटक उघडेना. "ॲपवर मुलं गैरहजर आहेत," तो म्हणाला, "मग भेटणार कुणाला?" मी चूक सुधारायला गेलो तर पडद्यावर आलं: हजेरी बदलण्यासाठी वर्गशिक्षकांच्या फोनवर ओटीपी पाठवला आहे. बाईंचा फोन सतत व्यस्त. अर्थातच. सगळे पालक त्यांनाच करत होते.

मी गजाआड उभा राहून फाटकाकडे बघत होतो. खाली उतरायचं धाडस नव्हतं. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. बरोबर काठी टेकत चालणारे, काठीसारखेच एक म्हातारे, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. शेजारीण निघून गेली होती, बाबांना मागे ठेवणार कुठे?

बाईंनी वडिलांना वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. माझ्याकडे एकदा वर पाहिलं. मग मैदानावरून आपला वर्ग गोळा केला, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याशी रांगेत उभा केला आणि नेहमीसारखी न बघता हजेरी सुरू केली.

"ओंकार."

"हजर."

"सानिका."

"हजर."

नाव पुकारलं की पोर हात वर करायचं आणि खाली फाटकाबाहेर एकेक चेहरा सैल व्हायचा. पिठाच्या हातांची आई तिथेच पायरीवर बसली. मग कुठल्याशा नावाला दोन 'हजर' ऐकू आले. एक वरून, एक खालून. वॉचमनच्या खुर्चीतून बाबा उत्तर देत होते. पुढच्या नावालाही. त्याच्या पुढच्याही. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

बाई हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी वडिलांचं नाव पुकारलं, आडनावासकट, अगदी त्याच आवाजात. बाबा काठी सोडून ताठ उभे राहिले, हात वर केला. "हजर." पोरांचं हसू आपोआप थांबलं.

मी मॅडमना चूक माझी म्हणून सांगितलं. पण पासवर्ड दुसऱ्याला देणं हा मोठा गुन्हा निघाला, आणि तो बाईंचा होता. त्यांना लेखी समज मिळाली. मला तोंडी.

"बोट तुझा, पासवर्ड माझो," बाई म्हणाल्या. "मास्तरा, तू बुडालंस नि माकाय घेऊन बुडालंस." आणि आपल्या डब्यातली अर्धी घावनं माझ्यापुढे सरकवली.

बाबांना शुक्रवारी शाळेत आणून बसवू का, असं त्यांनी विचारून पाहिलं. नियमात बसत नव्हतं. अर्धी रजा पुन्हा मागितली, पुन्हा पुरावा. अखेर एका शुक्रवारी आम्ही दोघं त्या बंद खोलीत बसलो आणि सॉफ्टवेअरनं कुठलाही प्रश्न न विचारता घेतलेला त्यांचा एकुलता एक अर्ज भरला. स्वेच्छानिवृत्तीचा. कारणाची जागाच नव्हती त्यात.

बाईंनी बोट उचलून धरलं. "दाबू काय?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून दाबलं. पट्टी ताबडतोब हिरवी झाली.

सातवी 'ब'ला आता एक तरुण मॅडम आहेत. त्यांची पट्टी चहा येण्याआधीच हिरवी होते. मी असतो मागे, एकटा, कुठलं बटण कुठल्या शेजारी आहे ते तीनदा बघत. परवाच्या शुक्रवारी कंटाळून बाईंना फोन लावला.

"थांब हां, मास्तर," त्या म्हणाल्या. "बाबांनी सदरो घातलो हा. गिरणीत निघालेत. हजेरी घेतली की बसतत."

फोन तसाच चालू राहिला. लांबून त्यांचा आवाज येत होता. ओंकार. सानिका. सगळी सातवी 'ब', ओळीनं. आणि प्रत्येक नावाला एक थकलेला 'हजर'. यादी संपली, बाबांचं नाव झालं, आणि मग त्याच आवाजात माझं नाव आलं.

आपलं नाव झाल्यावर बाबा बसले असावेत, या नावाला भांडुपकडून 'हजर' आलं नाही. बाई थांबून राहिल्या होत्या.

समोर पट्टी लाल होती. मी गजांकडे तोंड करून म्हटलं, "हजर."