पोटातली वाळू

धुकं एवढं दाट पडलं होतं की कसबा बावड्यात साखर कारखान्याचा भोंगा ऐकू आला, पण धुराडं काही दिसलं नाही. ईरप्पा कानाला मफलर गुंडाळून बांधावर उकिडवा बसला होता आणि पाथरीची कोवळी पानं खुडत होता. बायका भाजीला खुडतात तशीच. फक्त ही भाजी त्याच्या घरातल्या कासवाच्या तीन पिल्लांसाठी होती.

ईरप्पाचा जन्म गेला शिरोलीच्या फौंड्रीत, वाळूचे साचे भरण्यात. निवृत्त झाला तेव्हा मालकानं नारळ-फेटा दिला, आणि बंगला बंद करून पुण्याला जाताना आपली आफ्रिकी कासवांची जोडीही देऊन टाकली, सरकारी नोंदीच्या कागदांसकट. पाऊस सरल्यावर मादीनं घरामागच्या परड्यात खड्डा काढून अंडी घातली. त्यातली तीनच फुटली. लिंबाएवढी पिल्लं! ईरप्पानं लाकडी पेटी ठोकली, वर बल्ब टांगला, आडोशाला फुटका माठ पालथा घातला आणि खाली चार बोटं वाळू अंथरली. जुन्या सोबत्यांकडनं मागून आणलेली, धुतलेली, तीनदा चाळलेली. बाकी कशातलंही शिकवा, पण वाळूतलं त्याला कोण शिकवणार?

"री, साचं काढणार हाईसा काय कासवांचं?" बायको चन्नम्मा हसायची. ती निपाणीकडची, नवऱ्याला अजून कानडी पद्धतीनं 'री' म्हणूनच हाक मारते.

घरी येऊन त्यानं पाला पेटीत टाकला. दोन पिल्लं हपापल्यासारखी आली. तिसरं, सगळ्यांत बारकं, माठाखालनं हललंसुद्धा नाही. आज चौथा दिवस. खाणं नाही, शी नाही.

"वठाला दूध लावून बघू?" चन्नम्मा म्हणाली.

"दूध? म्हशीचं रेडकू हाय व्हय ते?"

"मग बघत बसा. एवढं लोखंड वतलंसा आन् बोटभर जीव सांभाळंना."

हे मात्र त्याला लागलं. जेवणाच्या डब्यात फडकं घालून त्यानं पिल्लू ठेवलं, झाकण अर्धवट लावलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. बाकावर शेळी घेऊन बसलेला एक जण डब्यात डोकावला.

"काय हाय पावणं? कासव? दोनशे वरसं जगतंय की ते. कशाला गडबड करताय?"

ईरप्पानं डबा आपल्याकडं ओढून घेतला.

डॉक्टर क्रांती कागलची, वयानं त्याच्या लेकीएवढी. तिनं एक्स-रे काढला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, "काका, पेटीत खाली काय अंथरलंय?"

"वाळू. फौंड्रीतली. एक नंबर."

"पाल्याबरोबर तीच खाल्लीय त्यानं. हे पांढरं दिसतंय ना, हा सगळा गोळा वाळूचा."

ईरप्पा त्या पांढऱ्या ठिपक्याकडं बघतच राहिला. साच्यातली वाळू सुटून ओतकामात अडकली की अख्खा नग भंगारात जायचा. त्या एका धास्तीपायी त्यानं सगळी उमर साच्यांवर फुंकर मारून सुटी वाळू उडवली होती. आणि आता त्याच हातानं...

"मंजी ह्यो नग रिजेक्ट?" त्यानं विचारलं.

"अवो, जिवंत हाय की अजून!" क्रांतीही घरच्या बोलीवर आली. "थेंब देते ते पाजा. दिवसातनं दोनदा कोमट पाण्यात बसवा, पाणी हनवटीखाली पायजे. आणि वाळू आजच्या आज काढा. नारळाचा भुसा ओलसर करून घाला. पोरगं अजून सुकायला नको."

घरी आल्या आल्या त्यानं पेटी उपसली. एक कणही राहू नये म्हणून कोपरे ब्रशनं झाडले. चन्नम्मा चूल सोडून आली, परातीतल्या कोमट पाण्यात तिनं कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला बघतात तसं.

दोन दिवस गेले, काहीच नाही. तिसऱ्या सकाळी पिल्लू परातीत बसलं होतं आणि ईरप्पा शेजारी पाटावर. पाणी गढूळ झालं. त्यानं बोट घालून तळातलं चिमूटभर वर काढलं, चोळलं. बारीक, गोल दाण्याची, ओळखीची.

"चन्ना! आली गं, वाळू आली!"

ती पदराला हात पुसत धावली. "किती?"

"चिमूटभर. अजून असंल आत. पर वाट झाली."

त्यानं पिल्लाला फडक्यावर टिपून पाथरीचं पान पुढं धरलं. पिल्लानं मान काढली, तोंड उघडलं, पहिला चावा हवेतच गेला. दुसरा पानाच्या कडेला लागला.

"चुकलो बाबा," ईरप्पा त्याला म्हणाला, इतक्या हळू की चन्नम्मालाही ऐकू गेलं नसावं.

"बरं झालं. आता उठा," ती म्हणाली. "जोंधळ्याचं दळण कालपासनं दारात हाय. गिरणी बंद व्हईल."

ईरप्पानं पिल्लू पेटीत सोडलं, दळणाचा डबा खांद्यावर घेतला आणि पायात चपला सरकवल्या.